नाळेचा मुहूर्त

माणसाच्या आयुष्यातला सगळ्यांत महत्त्वाचा क्षण त्याला स्वतःला कधीच पाहता येत नाही. तो दुसऱ्या कुणालातरी पाहावा लागतो, लक्षात ठेवावा लागतो आणि चारचौघांत जाहीर करावा लागतो. आमच्या रत्नागिरीत कित्येक वर्षं हे काम मोठे डॉक्टर करत होते. त्यातला जाहीर करण्याचा भाग ते उत्तम करत.

‘मोठे डॉक्टर’ हे नाव आपल्याला कर्तृत्वामुळे मिळालं, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. खरं कारण असं की त्यांचे धाकटे भाऊ दातांचे डॉक्टर होते आणि त्याच रस्त्यावर बसत. दिवस भरलेली बाई चुकून दातांच्या खुर्चीत जाऊन बसू नये म्हणून रिक्षावाल्यांनी ‘मोठे’ आणि ‘धाकटे’ अशी सोय करून घेतली होती. धाकटे उंचीनं चांगले वीतभर जास्त होते. पण मोठ्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही.

त्यांना कापायला फार आवडायचं. सर्जनला आवडावं तसं नव्हे, पुढाऱ्याला आवडतं तसं. गावात मोबाइलचं दुकान निघो, आईस्क्रीम पार्लर निघो, नाहीतर पावस गावच्या एखाद्या बागायतदाराचा आंब्याचा स्टॉल लागो, फीत कापायला मोठे डॉक्टर हजर. आयोजकांची कात्री बोथट निघते असा अनुभव आल्यापासून ते स्वतःची कात्री बरोबर नेत. ती मखमली डबीत असे आणि डबी गाडीच्या पुढच्या कप्प्यात, गणपतीच्या खाली. “फीत असो नाहीतर नाळ,” ते भाषणात सांगत, “हात थबकला की माणूस संपला.” टाळ्या पडत. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांच्या नाळा त्यांनीच कापल्या होत्या, त्यामुळे त्यांना तक्रारीला जागा नव्हती.

मी लहान मुलांची डॉक्टर. कुठलं बाळंतपण अवघड वाटलं की त्यांचा निरोप यायचा आणि मी त्यांच्या प्रसूतिगृहात जाऊन कोपऱ्यात, बाळाला ऊब देणाऱ्या दिव्याखाली उभी राहायचे. त्यांच्या लेखी मी ‘कोपऱ्यातल्या बाई’. मूल बाहेर येतं न येतं तोच दोन चिमटे लागायचे, मध्ये कात्री फिरायची आणि मूल माझ्याकडे पार्सलासारखं यायचं. “घ्या बाई. आमचं झालं, आता तुमचं खातं.” मग ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हात उंच करत आणि गर्जना करत, “जन्मवेळ!” आकडा सांगितला जायचा. सिस्टर तो टिपून घ्यायची. बाहेर व्हरांड्यात आजोबा तो पुन्हा टिपून घ्यायचे, कारण त्यावर पत्रिका व्हायची.

ते घड्याळ म्हणजे टॉनिकच्या कुठल्याशा कंपनीची भेट होती. तबकडीवर एक हसरी गरोदर बाई होती. उन्हानं तिचा चेहरा उडून गेला होता आणि पोट तेवढं राहिलं होतं. एकदा भूल देणाऱ्या एका तरुण डॉक्टरनं सवयीनं स्वतःच्या मोबाइलमध्ये वेळ पाहिली. मोठे डॉक्टर गरजले, “ते आत ठेवा. या खोलीत एकच वेळ चालते.” त्या खोलीत मतही एकच चालायचं.

माझा आणि त्यांचा तंटा नाळेवरून होता. गोष्ट साधी आहे. मूल जन्मलं तरी त्याचं बरंचसं रक्त अजून नाळेत आणि वारेत असतं. मिनिट-दोन मिनिटं थांबलं तर ते आपल्या पायानं मुलात जातं. नाळ तोवर ठोके देत असते, मग हळूहळू पांढरी आणि लुळी पडते. मूल रडत असेल, ठीक असेल, तर थांबण्यात बहुतेक वेळा काही बिघडत नाही. हे रक्त पुढं कितीतरी महिने त्याला लोह पुरवतं. न थांबलं तर ते वारेबरोबर बादलीत जातं. मोठ्या डॉक्टरांची बादली नेहमी भरलेली असे.

“सर, जरा थांबता का?” मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा ते हातातली कात्री तशीच धरून वळले.

“कशासाठी? एसटी यायचीय?”

“नाळेला अजून ठोके आहेत.”

“असू देत की. मलाही आहेत.” सिस्टर हसली. तो तिच्या नोकरीचाच भाग होता. “बाई, मी या गावात नाळा कापत होतो तेव्हा तुम्ही फ्रॉकमध्ये होतात.”

हे खरं होतं. मी फ्रॉकमधून बाहेर आले होते. त्यांच्या बाबतीत मात्र त्या काळानंतर काही घडलेलं दिसत नव्हतं.

मी छापील लेख नेऊन दिले. ते त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवले, उलटे, कारण पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर फोन नंबर लिहिता येत. मग गावातल्या डॉक्टरांच्या बैठकीत मी याच विषयावर बोलले. अध्यक्ष अर्थातच तेच. मी बोलत होते तेवढा वेळ त्यांनी डोळे मिटले होते आणि हनुवटी छातीवर टेकली होती. अध्यक्षीय समारोपात मात्र ते ताडकन उभे राहिले. “काल परदेशातले लोक म्हणत होते लगेच कापा. आज म्हणतात थांबा. उद्या म्हणतील, लग्न होईपर्यंत राहू द्या, मग नवऱ्याकडून कापून घ्या!” सभागृह हसून लोटपोट झालं. मग जेवण झालं. सोलकढी छान होती.

त्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं नाही असं नाही. हात खरोखर चांगला होता. अडलेली बाई त्यांनी कधी दारातून परत पाठवली नाही. ताप असला तरी मफलर गुंडाळून यायचे, गाडी जाणार नाही तिथं छत्री घेऊन चालत जायचे. हे मी नाकारत नाही. फक्त एवढंच की परत आल्यावर त्या चालण्याचं वर्णन चालण्यापेक्षा जास्त वेळ चाले.

आता सायलीची गोष्ट. सायली माझी जुनी पेशंट, लहानपणापासून फिकट, जेवणाचं नाव काढलं की तोंड फिरवणारी. लग्न होऊन लांज्याला गेली. सासऱ्यांचा काजूचा छोटा कारखाना. घरात त्यांना भाऊ म्हणत, म्हणून गावही भाऊच म्हणायचं. पहिली मुलगी मोठ्या डॉक्टरांकडे झाली, झटपट, प्रथेप्रमाणे. वर्षभरानं सायली त्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. पोर कागदासारखी पांढरी. “बाई, ही चिरा खाते,” सायली रडकुंडीला येऊन म्हणाली. भिंतीतल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्याला ओली जीभ लावायची आणि लाल भुगा चाटायची. अंगात लोह नसलेली मुलं हे करतात. सारा दोष त्या एका कात्रीचा, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आईचं रक्तही कमीच होतं. पण बादलीत गेलेलं पोरीच्या उपयोगी पडलं असतं, एवढं मी सायलीला तेव्हा समजावून सांगितलं. तिनं ते मनात ठेवलं.

दुसऱ्या वेळी ती पोटुशी राहिली तेव्हा तिचं रक्त आणखी खाली होतं. गोळ्या झाल्या, सुया झाल्या, थोडंफार वर आलं. मी म्हटलं, दुसरीकडे नाव घाल. ती म्हणाली, “भाऊ ऐकायचे नाहीत. त्यांच्या तिन्ही मुलांना मोठ्या डॉक्टरांनीच काढलेलं. बाई, तुम्ही असाल ना तिथं? ह्या खेपेला वाईच थांबायला सांगा त्यांना. माझ्यासाठी नको. त्याच्यासाठी.” आणि तिनं पोटावर हात ठेवला. मी हो म्हटलं. कुणाच्या जोरावर म्हटलं, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.

भाऊंनी सीझरसाठी एक उत्तम मुहूर्त आधीच काढून आणला होता. गुरुजींनी सांगितलेला, डॉक्टरांनी मान्य केलेला, सगळ्यांच्या सोयीचा. बाळाला मात्र कुणी विचारलं नव्हतं. ते बरंच आधी निघालं, भर दुपारी, राहुकाळात. सायलीला लांज्याहून आणलं तेव्हा कळा जोरात होत्या. मी पोचले तर व्हरांड्यात भाऊ एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात टोपी घेऊन फेऱ्या मारत होते.

“डॉक्टरनु, वाईच थोपवता येईल काय?”

“भाऊ, मी डॉक्टर आहे. फाटकवाला नाही,” मोठे डॉक्टर म्हणाले आणि आत आले. त्या दिवसापर्यंत त्यांच्या तोंडून निघालेलं हे एकमेव शास्त्रीय विधान मला आठवतं.

आत सायलीनं माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाजवळ गेले आणि हळू आवाजात म्हटलं, “सर, मूल अपुऱ्या दिवसांचं आहे, आईला रक्त नाही. रडलं तर थांबा. नाही रडलं तर मीच कापा म्हणेन.”

“बाई, तुमचा कोपरा तिकडे,” ते म्हणाले.

मी कोपऱ्यात गेले. सिस्टरनं चिमटे मांडले. कात्री मांडली. बादली पायानं पुढे सरकवली. डोकं दिसायला लागलं आणि तेवढ्यात दारावर थापा पडल्या.

“डॉक्टरनु! कापू नका! कापू नका हां!” भाऊंचा आवाज. “गुरुजी फोनवर आहेत. त्यांनी सांगितलंनी, नाळ आहे तोवर पोर आईचंच अंग. नाळ तुटली की जन्म! राहू जाईस्तोवर कापू नका!”

मग मूल बाहेर आलं. मुलगा, लहानसा, सुरकुतलेला, आणि आल्या आल्या त्यानं असा टाहो फोडला की माझ्या अर्ध्या काळज्या तिथंच मिटल्या. मोठ्या डॉक्टरांचा हात सवयीनं कात्रीकडे गेला. कात्री उचलली. आणि थबकली.

मी ते दृश्य विसरणार नाही. उजव्या हातात उघडी कात्री, मान भिंतीकडे, नजर त्या बिनचेहऱ्याच्या गरोदर बाईवर. काचेखाली उलटे पडलेले माझे सगळे लेख, सगळी बैठक, सोलकढी, या सगळ्यांना जे जमलं नाही ते लांज्याच्या एका गुरुजींनी फोनवरून केलं होतं. मी एक शब्दही बोलले नाही. माझ्या तोंडून ‘छान’ निघालं असतं तरी त्यांनी हट्टानं कापली असती. गरम फडकं घेऊन पुढे झाले, बाळाला सायलीच्या पोटावर ठेवून पुसलं, पांघरलं आणि ऐकत राहिले. रडणं, श्वास, ठोके, सगळं ठीक. सिस्टरनं सायलीला रक्तस्राव थांबवणारी सुई वेळेवर दिली. नाळ जाड, निळसर, उडत होती. मग उडणं मंदावलं. मग ती पांढरी पडली, भिजलेल्या दोरीसारखी.

“सर, थकला असाल तर हात खाली घ्या,” सिस्टर म्हणाली.

“गप्प बस. काटा चुकेल.”

सायलीनं डोळे उघडून विचारलं, “बाई, गेलं काय सगळं त्याच्यात?”

मी मान हलवली. ती हसली आणि पुन्हा डोळे मिटले. काम झालं होतं. राहू मात्र अजून जायचा होता, म्हणून मोठे डॉक्टर उभे होते. शेवटी काटा हवा तिथं आला. त्यांनी खसकन कापलं, हात उंच केला, “जन्मवेळ!” आणि चेहऱ्यावर असा भाव आणला, जणू राहूला त्यांनी स्वतः दारापर्यंत सोडलं होतं. मग हात धुऊन, केस विंचरून, कोट बदलून ते सावकाश बाहेर गेले. भाऊंनी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. गुरुजींच्या पायावर ठेवायचं, पण ते फोनवर होते.

इथं एखादा माणूस गप्प बसला असता. मोठ्या डॉक्टरांनी महिन्याभरात प्रसूतिगृहाबाहेर पाटी लावली: ‘येथे प्राचीन नालच्छेदन पद्धतीने प्रसूती केली जाते.’ दर नाळेला ते घड्याळाकडे बघत मुहूर्तासाठी थांबू लागले. स्थानिक वर्तमानपत्रात कात्रीसह फोटो आला. एका क्लबच्या कार्यक्रमात त्यांनी सांगितलं की आपल्या पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं, मध्यंतरी लोक विसरले होते, आणि आता कुणीतरी आठवण करून देणं भाग होतं. मी तिसऱ्या रांगेत होते. माझ्याकडे बघून ते म्हणाले, “आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईही हळूहळू या विचाराकडे वळत आहेत.” टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. रत्नागिरीतली मुलं आपलं रक्त घेऊन घरी जात होती. त्या बदल्यात एवढं द्यायला माझी हरकत नव्हती.

पण खरा धक्का पुढेच होता. राजिवड्याची एक बाई सुनेला घेऊन आली. मुलगा कुवेतला, मच्छीचा धंदा घरचा, बोलणं रोखठोक. नातू झाला, मोठे डॉक्टर कात्री घेऊन घड्याळाकडे बघत उभे राहिले, तशी सुनेच्या उशाशी उभी असलेली ती म्हणाली, “काय ओ डॉक्टर, काय बघतासा?”

“राहुकाळ, खाला.”

“आमचा त्याच्याशी काय संबंध? तो आमच्या मोहल्ल्यात येत नाय.”

मग मोठे डॉक्टर घसा खाकरून बोलायला लागले. वारेत किती रक्त उरतं, ते मुलात कसं जातं, लोह किती महिने पुरतं, अपुऱ्या दिवसांच्या मुलाला त्याचा काय फायदा, मूल रडलं नाही तर का थांबायचं नाही. मी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होते. ते माझं भाषण होतं. शब्दन्‌शब्द, उदाहरणांसह, अगदी जिथं मी पाणी प्यायला थांबले होते तिथं तेही थांबले. म्हणजे त्या बैठकीत ते झोपले नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, समजून घेतलं होतं, आणि तरी वर्षानुवर्षं बादली भरत राहिले होते. अडाण्याचा मला राग येत नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल उरलीसुरली जी दया होती, ती त्या दुपारी संपली.

“बरोबर बोलतात डॉक्टर,” खाला मला म्हणाली. “शिकलेला माणूस.”

पुढे गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी प्रसूतिगृह बंद केलं आणि मुलाकडे पुण्याला जायचं ठरवलं. मोठा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र. मानपत्रात ‘काळाच्या पुढे पाहणारा द्रष्टा’ असं लिहिलं होतं आणि मसुदा कुणाचा होता हे अक्षरावरून कळत होतं. समारंभानंतर ते माझ्या दवाखान्यात आले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. “बाई, तुम्ही भांडलात पुष्कळ. पण कोपरा सोडला नाहीत.” पुडक्यात ते घड्याळ होतं. “याच्याकडे बघूनच सगळं गाव जन्मलं. ठेवा.” त्यांचे डोळे पाणावले होते. माझेही थोडे पाणावले, हे नमूद करताना मला विशेष आनंद होत नाही.

मी ते घड्याळ दवाखान्यात लावलं. आठवडाभरात लक्षात आलं की माझे सगळे पेशंट उशिरा येतात आणि मी रोज लवकर घरी जाते. मी पुण्याला फोन केला.

“सर, हे घड्याळ पुढे धावतंय का?”

“छे. एकदम पक्कं आहे. मीच दहा मिनिटं पुढे लावलेलं. सिस्टर वेळेवर येत नसत.”

“कधी लावलंत?”

“दवाखाना उघडला त्याच आठवड्यात.” मग ते म्हणाले, “इथं पुण्यात पाण्याची बोंब आहे हो.”

तेव्हा रत्नागिरीतल्या निम्म्या लोकांच्या पत्रिका, त्यावरून जुळलेली लग्नं आणि त्यावरूनच मोडलेली लग्नं, यांचा विचार ज्यानं त्यानं करावा. भाऊंनी नातवाची पत्रिका फ्रेम करून काजूच्या कारखान्यात लावली आहे, आणि राहूला चकवून जन्मलेला मुलगा म्हणून तो घरी कुणाचंच ऐकत नाही. परवा सायली त्याला सर्दीसाठी घेऊन आली होती. खऱ्या वेळेप्रमाणे त्याची नाळ राहुकाळातच कापली गेली. त्याचं हिमोग्लोबिन उत्तम आहे.